पात्रांवाचा भाता

आमच्या टीव्हीला बाबांची बोली कळत नाही, आणि तेवढ्या एका कारणाने आमच्या घरात जॅझ शिरला.

बाबा म्हणजे माझे सासरे. पेडणे तालुक्यात हळर्णला आमचं घर. मी माहेरची बेळगावकडची. नवरा वास्कोला बंदरात नोकरीला. शनिवारी संध्याकाळच्या बसने येतो आणि सोमवारी उजाडायच्या आत निघतो. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. म्हणजे आठवड्याचे बाकीचे दिवस घरात बाबा, मी आणि माझं शिलाई मशीन, एवढीच माणसं. मशीनला मी माणसातच धरते, कारण दिवसभरात तेच जास्त बोलतं. मी गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवते, आणि गिऱ्हाईक नसलं की असं काहीबाही लिहीत बसते.

बाबांनी सारा जन्म शेती आणि कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, सांभाळलं, पण गावात त्यांना शेतकरी म्हणून कुणी ओळखत नाही. ते पेटीवाले. देवळातलं भजन असो, जत्रेतलं नाटक असो, पेटीवर बाबाच. उजव्या हाताने सूर आणि डाव्या हाताने भाता. त्यांचं सगळं जग सुद्धा पेटीवरच मांडलेलं. अमक्याचा आवाज काळी चारचा, तमक्याची म्हैस पांढरी दोनमध्ये ओरडते. मी लग्न होऊन आले त्या आठवड्यात त्यांनी माझ्याकडून आरती म्हणवून घेतली, दोन ओळी ऐकल्या आणि नवऱ्याला म्हणाले, "रांधता बरी." त्यानंतर माझ्या गाण्याचा विषय घरात निघाला नाही.

गेल्या थंडीत कुळागरात शेवाळलेल्या दगडावरून त्यांचा पाय सटकला आणि डावा खांदा मोडला. म्हापशाच्या डॉक्टरांनी तो जोडला. पट्टी सुटली, हात जेवायला, दाढीला, विडीला उपयोगी पडायला लागला. फक्त भाता ओढायची जी हालचाल, पंजा पुढे टाकून मागे घ्यायची, ती काही परत आली नाही. चार वेळा ओढलं की खांदा पेटायचा. या वयात एवढंच, डॉक्टर म्हणाले. बाबांनी "बरें" म्हटलं, घरी आले, पेटी पलंगाखाली सरकवली आणि तिच्यावर सासूबाईंचं जुनं लुगडं पांघरलं.

भजनी मंडळाची माणसं आली होती. त्यात मृदंगवाला, बाबांचा लहानपणापासूनचा दोस्त. तो म्हणाला, "भातो आमी कोण तरी मारतों. तूं फकत बोटां चलय."

बाबा म्हणाले, "लोहाराच्या भात्याक माणूस लागता. माझ्या पेटयेक लागना."

आणि विषय संपला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुळगावच्या भाच्याला फोन केला. हा भाचा पन्नाशीचा, तिकडच्या भजनात पेटी वाजवतो. त्याला म्हणाले, पावसाळ्यात शेतीतून हात मोकळा झाला की गाडी घेऊन ये आणि पेटी घेऊन जा. पलंगाखाली ठेवून उंदरांचं धन कशाला करायचं. मी ओट्यापाशी उभी राहून ऐकत होते आणि मला इतका राग आला की हातातली कुलेर, म्हणजे चमचा, मी भांड्यात आपटली. राग कुणाचा ते मात्र सांगता येईना. दगडाचा, डॉक्टरांचा, की या हट्टी म्हाताऱ्याचा. या घरात रोज तिन्हीसांजेला पेटी वाजायची आणि मी मशीन थांबवून भाकऱ्या थापायला उठायचे. माझं घड्याळच गेलं म्हणा ना. पेटी मुळगावला गेली की बाबाही थोडे थोडे तिकडेच जाणार, हे मला दिसत होतं.

तर टीव्ही. बाबांचा वेळ जावा म्हणून नवऱ्याने नवा टीव्ही आणला. त्याच्या रिमोटमध्ये बोललं की हवं ते लागतं म्हणे. बाबांनी रिमोट तोंडाशी धरला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "पेटी!" टीव्हीने देवगडच्या हापूसच्या पेट्या दाखवल्या. एक माणूस गवत घालून आंबे रचत होता. बाबांनी तो सगळा बघितला आणि रचणं चुकतंय म्हणाले. मग म्हणाले, "पेटी वाजोवपाची!" टीव्हीने एक लोखंडी ट्रंक दाखवली आणि ती कशी रंगवायची ते शिकवलं. तिसऱ्यांदा बाबा चिडले. चिडले की ते थेट मुद्द्यावर येतात. ओरडले, "काळी-पांढरी! काळी-पांढरी!"

आणि पडद्यावर काळा-पांढरा सिनेमा उघडला. एक उंच, मान लांब असलेला माणूस कोट घालून मंचावर आला. समोर दार उघडावं तसं झाकण उघडलेला भलामोठा पियानो. तो बसला, मनगटावरचं घड्याळ काढलं, पियानोच्या कडेवर ठेवलं, जणू आंघोळीलाच बसतोय. आणि मग त्याने जे काही सुरू केलं, त्याला आमच्याकडे सरळ 'सुटला' म्हणतात. दहाची दहा बोटं. मी काज करत होते. सुई बोटात घुसली.

तो थांबला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा बाबा म्हणाले, "हो पात्रांव कोण मरे?"

पात्रांव म्हणजे गोव्यात मालक, शेठ. पोर्तुगीज गेले पण पात्रांव राहिले. त्या दिवसापासून पियानोवाल्याचं नाव आमच्या घरात पात्रांव पडलं. दुपारी जेवणं झाली, भांडी पालथी पडली, की बाबा आरामखुर्चीत बसून विचारायचे, "आयलो काय पात्रांव?" पाहुण्याची बस आली का विचारावं तसं. मी मशीन टीव्हीजवळ ओढून घेतलं. उन्हाळाभर आमचा हाच कार्यक्रम. त्या माणसाच्या मैफिलींचे चित्रपट पुष्कळ निघाले. तरुणपणीचे काळे-पांढरे, मग रंगीत, मग केस पिकलेले. दर वेळी तेच घड्याळ काढणं, तेच कडेवर ठेवणं.

त्याच्यासोबत दोघे असायचे. एक उभा राहून माणसापेक्षा उंच असं तंतुवाद्य छातीशी धरून तारा खेचणारा. त्याला बाबा म्हशीवाला म्हणायचे, कारण ते वाद्य म्हशीएवढं आणि आवाजही तसाच पोटातून. दुसरा ड्रमवाला. तो कधी कधी काठ्या ठेवून तारांचे ब्रश घ्यायचा आणि ड्रमवर हलकेच घासायचा. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा बाबा खुर्चीत पुढे सरकले. "अरे, हो सारण घेवन बसला! वाजयता काय केर काडटा?" सारण म्हणजे केरसुणी.

सुरुवातीला त्यांच्या तक्रारीच फार. गाणं चालू असताना मध्येच टाळ्या वाजवणारे लोक त्यांना अडाणी वाटले. पात्रांवाचा षड्ज कुठे आहे ते सापडेना. "भाड्याच्या घरातलो माणूस हो. आज हांगा, फाल्यां थंय. सा म्हणून ना." पण तक्रार करता करता उजव्या हाताची बोटं खुर्चीच्या हातावर चालायची. ती बोटं चालताना दिसली की मी मुद्दाम शिलाईकडे बघायचे. पाहिलं असतं तर थांबली असती.

आता आमची चूक सांगते. आमची, कारण त्यात मीही होते.

एका रंगीत चित्रपटात कॅमेरा खाली गेला आणि पात्रांवाचा पाय दिसला. पियानोखाली पितळेची पायटी आणि त्यावर चकचकीत बूट, वर-खाली, वर-खाली. बाबांनी मांडीवर थाप मारली. "पायपेटी! बघ गो बाये, ह्यो पायान भातो मारता!"

पूर्वी नाटकांना पायपेटी असायची. खुर्चीवर बसून पायाने हवा भरायची, दोन्ही हात वाजवायला मोकळे. बाबांनी लहानपणी ती पाहिलेली. मलाही पटलं. बावीस वर्षं मी पायानेच मशीन चालवते, पायटीचं मला कळत नाही तर कुणाला कळणार? मी उठून टीव्हीजवळ गेले, पाय नीट पाहिला आणि तज्ज्ञ म्हणून साक्ष दिली, "होय की ओ बाबा. भाताच तो. पण उजव्या पायानंच मारतोय."

"तेंच म्हणतां. दुसरो पाय कितें, शोभेक?"

मग पुढचे किती तरी दिवस आम्ही पात्रांवाच्या पायावर नजर ठेवून बसलो. सूर विरला की बाबा म्हणायचे, "वारो उणो पडलो. आळशी पाय." मी म्हणायचे, "माझ्याकडं पाठवा, आठवड्यात पाय सरळ करते." पाव घेऊन येणाऱ्या पोदेरालाही बाबांनी खिडकीतून बोलावून तो पाय दाखवला. त्याने सायकल एका हाताने धरून पाहिलं आणि तोही म्हणाला, भाताच. तीन साक्षीदार झाले. आणि माझ्या लक्षात आलं की बाबा गप्प होत चालले आहेत. पायाने भाता मारणारा माणूस बघत होते ते. दोन हात मोकळे असणारा. एकदा हळूच म्हणाले, "देवळाच्या माळयार एक पायपेटी आसली. वाळवी लागली तिका."

शनिवारी नवरा आला. आम्ही त्याला पाय दाखवला. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "बाबा, पियानोत हवा नसता! तारो आसतात आत. कळ दाबली की हातोडो तारेर पडटा. पाय सूर लांबोवपाक." आणि रिमोट घेऊन त्याने पियानोच्या पोटातला एक चित्रपट लावला. खरंच, आत ओळीने छोटे छोटे हातोडे, आणि ठक ठक.

बाबा खुर्चीतून पुढे वाकून बघायला लागले. मग म्हणाले, "हातोडे? मगे तां वाद्य न्हय. सुतारकाम."

आणि उठून आत गेले. रविवारी टीव्ही लावला नाही. सोमवारी नवरा वास्कोला गेला, तरीही लावला नाही. मी दोन-तीनदा विचारलं, "पात्रांव आला नाही आज?" तर म्हणाले, "ताका काम आसतलें." मला नवऱ्याचा असा राग आला की मी त्याला फोनवर सांगितलं, पुढच्या शनिवारी येताना ज्ञान वास्कोलाच ठेवून ये. खरं सांगायचं तर मलाही लाज वाटली होती. तज्ज्ञाची साक्ष खोटी पडली होती ना!

असा आठवडा गेला. मग एका दुपारी मी मशीनवर असताना आपोआप पात्रांवाचा आवाज सुरू झाला. बाबा खुर्चीत. माझ्याकडे न बघता म्हणाले, "कळलें माका."

"काय कळलं?"

"हो इतको धांवता कित्याक तें. वारो ना गो हेका. सूर मारलो की मेलो. थारना. म्हणून एका फाटोफाट दुसरो, तेच्या फाटल्यान तिसरो. बापडो धांवता, धांवता. आमचो सूर रावता. वारो आसा तोवर रावता."

मी मशीन थांबवलं. एवढा नावाजलेला माणूस, जगभरचे लोक उभे राहून टाळ्या वाजवतात, आणि आमच्या हळर्णच्या म्हाताऱ्याला त्याची दया आली होती. मला हसू आलं. पण त्यानंतर मी पात्रांवाला वेगळ्याच कानांनी ऐकायला लागले. सूर उमटतो आणि लगेच जायला निघतो. तो जाऊ नये म्हणून हा माणूस धावतोय. मला त्यात पहिल्यांदा गोड वाटलं, आणि थोडं रडूही आलं, पण ते ब्लाउजच्या अस्तरावर निभावलं.

पाऊस लागला, लावणी झाली, आणि ठरल्याप्रमाणे मुळगावचा भाचा पिकअप घेऊन दारात आला. बाबांनी त्याला चहा दिला, शेताचं विचारलं आणि पलंगाकडे बोट केलं. "व्हर." स्वतः जाऊन टीव्हीसमोर बसले आणि आवाज वाढवला.

भाच्याने लुगडं बाजूला केलं, पेटी ओसरीवर नेली आणि सहज म्हणून वाजवून पाहिली. पेटी खोकली. एक सूर दाबला की शेजारचा आपोआप कण्हायचा. मी दारात उभी होते, एका कानात ती खोकणारी पेटी आणि एका कानात टीव्ही. पदर तोंडाशी धरला, म्हटलं आपण काही बोलायचं नाही. माझी पेटी थोडीच आहे?

तेवढ्यात आतून हाक आली. "बाये! हांगा यो! बेगीन!"

मी धावले. मला वाटलं खांदाच दुखला. बाबा खुर्चीतून अर्धे उठलेले, बोट पडद्याकडे. पात्रांव एक संथ गाणं वाजवत होता, फार सूर नाहीत, मधे मधे मोकळी जागा. आणि कॅमेरा म्हशीवाल्यावर होता.

"ताका बघ. हाताक बघना तो. खंय बघता?"

मी पाहिलं. म्हशीवाला पात्रांवाच्या बोटांकडे बघतच नव्हता. चेहऱ्याकडे बघत होता. पात्रांवाने श्वास घेतला की याची तार हलायची. पात्रांव थांबला की हा खाली एक सूर धरून ठेवायचा, धरूनच ठेवायचा, आणि त्याच्यावर पात्रांव पुन्हा आरामात चढायचा.

"पियानोक वारो ना," बाबा म्हणाले, "म्हणून तेणीं माणूस ठेयला. हो म्हशीवालो, हो भातो! कळ्ळें? इतको व्हडलो पात्रांव, आनी भातो दुसरोच मारता!"

नवऱ्याने ऐकलं असतं तर पुन्हा ठसका लागला असता. पण तो वास्कोला होता, देवाची कृपा. मी म्हटलं, "होय की ओ, भाताच तो." दुसऱ्यांदा साक्ष दिली, आणि या वेळेची साक्ष मी आजही मागे घ्यायला तयार नाही.

बाबा ओसरीवर गेले. भाचा भात्याच्या घडीत तोंड घालून बसला होता. "मामा, वारो खंय तरी जाता हेचो."

"जातलो. चामडें सुटलां. चिकटय तें, आनी ठेय पेटी हांगाच. श्रावणातल्या सप्त्याक वाजोवपाक जाय माका."

भाच्याने वर पाहिलं. मग आनंदाने म्हणाला, "येतां मगे मी सप्त्याक! भातो मी मारतां."

"तूं नाका. ही मारतली."

ही म्हणजे मी. मी मागे वळून पाहिलं, मागे कुणी नव्हतं.

"ही? मामा, हिका सूर कळना!"

"तेंच बरें. तुका कळटा. म्हणून तूं तुझ्या मनांतलो सूर मारतलो. ही माझ्या तोंडाक बघतली."

एवढी वर्षं या घरात राहून मिळालेलं हे पहिलं प्रशस्तिपत्र, आणि तेही न येण्याबद्दल. भाच्याने चामडं चिकटवलं. गाडी रिकामी जाऊ नये म्हणून बाबांनी तिच्यात दोन फणस आणि केळ्यांचा घड चढवला. पेटी ओसरीवरच राहिली. मी लुगडं उचललं, धुतलं आणि कपाटात ठेवलं.

आता सोपं वाटेल, भाता मारायचा म्हणजे काय. हात पुढे, हात मागे. पेटीचा भाता वाजवणाऱ्याच्या पलीकडल्या बाजूला असतो, म्हणून मी बाबांच्या समोर बसायचे, मधे पेटी. पहिल्या दिवशी मी जोरात सुरुवात केली. धप धप धप धप, एका लयीत, एका मापात.

"शिवणां घालूं नाका गो!" बाबा ओरडले. "ब्लाउज न्हय तो!"

बावीस वर्षांची सवय. माझा हात पायासारखाच चालतो, टाके सारखे पडले पाहिजेत. बाबांना टाके नको होते. कुठे त्यांना वाऱ्याची झुळूक हवी असायची, कुठे गच्च भरलेला. ते तोंडाने काही सांगायचे नाहीत, फक्त भुवई. मी चुकून बोटांकडे बघितलं की सूर बारीक व्हायचा आणि पेटीवर टकटक करून म्हणायचे, "म्हशीवाले, वयर बघ." होय, मी म्हशीवाली झाले होते. मीही काही कमी नाही. एकदा भाता सोडूनच दिला. सूर रडत रडत बसला. म्हटलं, "ओरडायचं असेल तर पियानो घ्या की, वारा लागत नाही." बाबांनी पेटीवर पुन्हा बोटं ठेवली. मग म्हणाले, "बरें बाये. मार." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे माफीच. त्या दिवसापासून आमचं जमायला लागलं.

दुपारी पात्रांव बघायचा आणि तिन्हीसांजेला सराव करायचा. मी आता पात्रांवाकडे बघतच नसे, फक्त म्हशीवाल्याकडे. तो किती कमी वाजवतो आणि किती लक्ष देतो! एका चित्रपटात त्याला एकट्याला वाजवायची पाळी आली तेव्हा पात्रांवाने मांडीवर हात ठेवून त्याच्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं हे दोघे एकमेकांच्या घरी जेवायला जात असणार.

श्रावणात आमच्या देवळात भजनी सप्ताह असतो. भजन अखंड चालतं, आणि प्रत्येक वाड्याची पाळी ठरलेली. तिला पार म्हणतात. आमच्या वाड्याचा पार दुपारचा. मी हिरवी नऊवारी नेसले. बाबा बाहेर आले तर मनगटावर घड्याळ. खांदा मोडल्यापासून त्यांनी घड्याळ बांधलं नव्हतं. मी म्हटलं, "वेळ बघायला का?" म्हणाले, "न्हय. काम आसा."

देवळात गर्दी. मृदंगवाला आधीच येऊन मृदंगाला पीठ लावत होता. पेटी मधे ठेवली आणि पहिला पेच पडला. मी भात्याच्या बाजूला बसले तर देवाला पाठ होते. पेटी उलट ठेवली तर बाबांची पाठ. शेवटी पेटी आडवी फिरवली, देव एका कडेला आणि आम्ही समोरासमोर. बायकांच्या बाजूने कुजबूज झाली. मी ज्यांचे ब्लाउज शिवते त्याच सगळ्या, त्यामुळे मी तिकडे एकदा बघितलं आणि कुजबूज थांबली. भाचा मुळगावहून आला होता, तो खांबाला टेकून उभा. नवऱ्यानेही रजा काढलेली.

बाबा मांडी घालून बसले. आणि मग त्यांनी सावकाश, उजव्या हाताचं घड्याळ अवघडलेल्या डाव्या हाताने काढलं आणि पेटीच्या कडेवर ठेवलं.

मला हसू फुटलं. ते दाबायला मी मान खाली घातली, तर समोरून टकटक. "म्हशीवाले, वयर बघ."

मी वर बघितलं आणि भाता ओढला.

सगळं भजन आता आठवत नाही. बाबांचा चेहरा आठवतो. इतके दिवस मी त्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या वाचत होते, पण इतका तरुण तो मी पाहिला नव्हता. अभंग चढला तसा त्यांनी भुवई उचलली, मी वारा भरला. उतरला, मी हात सैल सोडला. मधे मृदंगवाल्याला रंग चढला आणि तो एकटाच सुटला. तेव्हा बाबांनी बोटं उचलली, त्याच्याकडे पाहिलं आणि मधेच, गाणं चालू असताना, मांडीवर हात मारून दाद दिली. मला वाटतं हळर्णच्या देवळात जॅझ पहिल्यांदा तेव्हा शिरला. मृदंगवाल्याला काय ते कळलं नाही, पण त्याने आणखी दोन तिहाया घेतल्या.

पार संपत आला. अभंगाची शेवटची ओळ झाली. झांजा थांबल्या. मृदंगावरची थाप पडून विरली. गाणारे गप्प झाले. फक्त पेटीचा एक सूर राहिला, काळी एक, आणि त्याच्यावर बाबांचं बोट.

बाबा बोट उचलेनात.

पियानोवर असता तर तो सूर केव्हाच गेला असता. इथे तो होता. बाबा माझ्याकडे बघत होते, भुवई न हलवता. पहिल्यांदाच ते मला काही सांगत नव्हते. मला कळलं की सूर कधी संपवायचा ते आता माझ्या हातात आहे. आणि मला तो संपवायचा नव्हता. पलंगाखालचं लुगडं, भाच्याची गाडी, ते "बरें", सगळं आठवलं आणि मी भाता ओढत राहिले, टाके न घालता, हळू, भरून. डोळे भरले होते पण वर बघणं सोडलं नाही.

पुढच्या वाड्याची माणसं झांजा घेऊन पायरीवर येऊन थांबली होती. अखेर मृदंगवाला बाबांकडे वाकला. "अरे, सोड आतां. फुडलो पार रावला मरे!"

बाबा बोट तसंच ठेवून म्हणाले, "माका कितें सांगता? वारो तिचो."